हवा किती आणि गार किती?



एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात इशाच्या नमाजनंतर आमच्या मोहल्ल्यातल्या मस्जिदीत कमिटीची बैठक बसली. विषय एकच होता, एसी. खालच्या हॉलमध्ये दोन टनांचे चार एसी आहेत, सात-आठ वर्षांपूर्वी बसवलेले. जुम्म्याला हॉल भरला की गारवा पुरत नाही अशी तक्रार दोन उन्हाळ्यांपासून होती. बुजुर्ग मंडळी खुतब्याच्या वेळी रुमालाने वारा घेत बसतात. मागच्या वर्षी एका वयस्कर नमाज्याला सफीतच चक्कर आली होती. त्यामुळे यंदा चंदा गोळा झाला होता आणि लोकांनी सढळ हाताने दिला होता.

सर्व्हिसिंगवाल्या मिस्त्रीने कागद लिहून दिला होता. चारही जुन्या यंत्रांत गॅस भरायचा आणि दोन टनांची दोन नवीन यंत्रं बसवायची. वायरिंगसह एकूण एक लाख अडतीस हजार. सदरसाहेबांनी कागद माझ्याकडे सरकवला, कारण कमिटीचा हिशेब मी लिहितो. शाळेत उर्दू आणि मराठी शिकवणाऱ्या माणसाकडे मोहल्ल्यातली लिहिण्याची कामं आपोआप येतात.

कागद घेऊन घरी आलो तेव्हा भाचा आलेला होता. तो चाकणच्या एका कारखान्यात युटिलिटी विभागात काम करतो. बॉयलर, कॉम्प्रेसर, हवा-पाण्याची सगळी यंत्रणा हा विभाग सांभाळतो. कागद वाचून तो म्हणाला, “मामू, यंत्रं कमी पडतायत हे ठरवलं कोणी?”

मी म्हटलं, “मिस्त्रीने. आणि आश्चर्य म्हणजे हवा तर बर्फासारखी गार येते. हात लावून मीच बघितलं.”

“गार येते ते ठीक. पण किती येते? हवा कोणी मोजली का?”

मला प्रश्नच कळला नाही. एसीची हवा गार असली म्हणजे झालं, ती मोजायची कशाला? त्या रात्री त्याने मला जे समजावलं ते मला पंचेचाळीस वर्षांच्या आयुष्यात कोणी सांगितलं नव्हतं. आपल्यापैकी बऱ्याच घरांत एसी, कूलर, गिझर आहेत. म्हणून ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी गिझर बघू

भाच्याने सुरुवात न्हाणीघरापासून केली. थंडीच्या दिवसांत वुजूसाठी किंवा आंघोळीसाठी पंधरा लिटरची बादली गरम करायची आहे. नळाचं पाणी २० अंशांचं आहे आणि आपल्याला ४० अंशांचं हवंय. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. म्हणजे १५ गुणिले २०, एकूण ३०० किलोकॅलरी. विजेच्या एका युनिटात ८६० किलोकॅलरी असतात. तेव्हा एका बादलीला साधारण एक तृतीयांश युनिट लागतं आणि दोन किलोवॉटचा गिझर ते काम दहा-अकरा मिनिटांत करतो.

गुणाकारात दोनच गोष्टी आहेत. पाणी किती, आणि ते कितीने तापलं.

आता छोटा इन्स्टंट गिझर घ्या, तीन किलोवॉटचा. नळातून मिनिटाला तीन लिटर पाणी वाहत असेल तर ते सुमारे १४ अंशांनी तापून येतं. पाणी कोमट वाटतं म्हणून आपण काय करतो? नळ थोडा बंद करतो. धार निम्मी झाली की पाणी २८ अंशांनी तापून, चटका बसेल इतकं गरम येतं. गिझरची ताकद वाढली का? मुळीच नाही. तो आधीही तीन किलोवॉटच देत होता आणि आत्ताही तेवढंच देतोय. पाणी कमी झालं म्हणून ते जास्त तापलं, एवढंच.

हे आपल्या घरातल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. पण एसीसमोर उभं राहिलं की आपण तेच विसरतो. बारीक धारेने कढत पाणी येत असलं तरी बादली लवकर भरत नाही. तसंच थोडीशी हवा बर्फासारखी गार आली तरी हॉल गार होत नाही.

हवेचाही गुणाकार

हवेचा हिशेब पाण्यासारखाच आहे. दर सेकंदाला किती घनमीटर हवा यंत्रातून जाते आणि ती किती अंशांनी गार होऊन बाहेर पडते, या दोन आकड्यांचा गुणाकार करायचा. त्याला आणखी एका ठरावीक आकड्याने गुणलं की यंत्र किती किलोवॉट गारवा देतंय ते कळतं. समुद्रसपाटीला हा आकडा १.२ धरतात. एक घनमीटर हवा एक अंशाने तापवायला किंवा थंड करायला जवळपास एवढे किलोज्यूल लागतात.

पण भाचा म्हणाला, “मामू, आपण मुंबईत नाही.” पिंपरी-चिंचवड समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच आहे आणि चाकण त्याहूनही थोडं वर. उंचीवर हवा विरळ होते. आपल्याकडे एक घनमीटर हवेचं वजन मुंबईपेक्षा सहा-सात टक्क्यांनी कमी भरतं. म्हणून इथे १.१ धरायचं.

हवेला वजन असतं हे ऐकून मला खाझिनी आठवले. बाराव्या शतकात मर्वमध्ये राहणाऱ्या या विद्वानाने ‘मीझानुल हिकमा’ हा तराजूवरचा ग्रंथ लिहिला. वस्तूचं वजन हवेत किती आणि पाण्यात किती भरतं, याचा बारकाईने विचार त्यात आहे. नऊशे वर्षांपूर्वी आपले लोक असं तोलून-मापून बघत होते, आणि आम्ही दीड लाखाचा सौदा तळहात धरून ठरवत होतो.

टन म्हणजे काय?

दुकानदार टनात बोलतो म्हणून हेही सांगून टाकतो. एसीच्या टनाचा यंत्राच्या वजनाशी काही संबंध नाही. हा शब्द बर्फाच्या धंद्यातून आला. एके काळी गारवा म्हणजे बर्फच. १८३३ साली अमेरिकेतल्या बोस्टनहून जहाजाने बर्फ थेट कोलकात्याला आला होता! पुढे यंत्रं आली तेव्हा त्यांची ताकद लोकांना समजेल अशा भाषेत सांगायची होती. मग ठरलं की एक अमेरिकन टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ, चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो तेवढी ताकद म्हणजे एक टन. किलोवॉटमध्ये ती होते साधारण साडेतीन. दीड टन म्हणजे सव्वापाच आणि दोन टन म्हणजे सात किलोवॉट.

खरेदी करताना टनाच्या तोंडी शब्दावर थांबू नका. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं तारेवालं लेबल यंत्रावर असतं आणि त्यावर क्षमता वॉटमध्ये छापलेली असते. ‘दीड टन’ या एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या यंत्रांचे वॉटचे आकडे सारखे नसतात. तोही आकडा प्रयोगशाळेतला असतो. खोलीत २७ अंश आणि बाहेर ३५ अंश असताना, नव्याकोऱ्या स्वच्छ यंत्राने दिलेला. आपल्या भिंतीवर धूळ खात बसलेलं यंत्र किती देतंय, हे लेबल सांगू शकत नाही. ते मोजावं लागतं.

रविवारची मोजणी

रविवारी जोहरनंतर आम्ही तिघे हॉलमध्ये थांबलो. भाचा, मी आणि माझा नववीतला मुलगा. सामान फारसं नव्हतं. हवेचा वेग दाखवणारं हातात मावणारं ॲनिमोमीटर, दोन डिजिटल थर्मामीटर, मोजपट्टी, शिडी आणि वही. बाहेर ३८ अंश तापमान होतं. एसी अर्धा तास चालवून मग मोजायला घेतलं. यंत्र स्थिरावलं नाही तर आकडे फसवतात.

पहिल्या यंत्राच्या तोंडाची फट मोजली. एक मीटर लांब आणि आठ सेंटिमीटर उंच. म्हणजे ०.०८ चौरस मीटर. फटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाच ठिकाणी वेग घेतला, कारण मध्ये हवा जोरात असते आणि कडेला मंद. सरासरी आली सेकंदाला २ मीटर. ०.०८ गुणिले २ म्हणजे सेकंदाला ०.१६ घनमीटर हवा.

मग तापमान. यंत्राच्या वरच्या बाजूला, जिथून खोलीतली हवा आत ओढली जाते, तिथे २८ अंश. तोंडाशी ११ अंश. फरक १७. मिस्त्री बरोबर म्हणत होता, हवा बर्फासारखीच होती.

आता गुणाकार. १.१ गुणिले ०.१६ गुणिले १७. मुलाने वहीवर करून सांगितलं, “तीन किलोवॉट, अब्बा.” सात किलोवॉटचं यंत्र आणि गारवा तीनचा!

भाच्याने यंत्राचा मेन स्विच बंद केला, झाकण उघडलं आणि आतली जाळी बाहेर काढली. तिच्यावर राखाडी रंगाचं कांबळं पांघरल्यासारखी धूळ बसली होती. हॉलमध्ये जानमाज आणि गालिचे आहेत, त्यांचा तंतू न् तंतू त्या जाळीत जाऊन बसला होता. मागची कॉइलही मळलेली होती आणि तिच्या खालच्या कोपऱ्यात बर्फाचा पातळ थर धरला होता. हवा पुरेशी मिळाली नाही की कॉइल गोठू लागते. हवेची वाट आणखी अडते. तोंडाशी हात धरणाऱ्याला मात्र वाटतं, वा, काय गार आहे!

जाळी नळाखाली धुतली. कॉइल मऊ ब्रशने आणि पाण्याच्या फवाऱ्याने साफ केली. सगळं सुकू देऊन तासाभराने यंत्र पुन्हा चालवलं आणि मोजलं. वेग ३.८ मीटर, म्हणजे हवा ०.३०४ घनमीटर. आत जाणारी हवा २८ अंश, बाहेर येणारी १५. फरक १३. गुणाकार आला ४.३ किलोवॉट.

वाचकहो, इथे जरा थांबा. तोंडाशी हवा आधी ११ अंशांची होती, आता १५ अंशांची आहे. हात लावणारा म्हणेल, सर्व्हिसिंगने एसी बिघडला, आधी जास्त गार येत होतं. प्रत्यक्षात गारवा जवळजवळ दीडपट झाला आहे. नळ पूर्ण उघडल्यावर पाणी कोमट झालं, पण बादली भरायला लागली.

दुसरं आणि तिसरं यंत्रही थोड्याफार फरकाने असंच निघालं. चौथ्याची गोष्ट वेगळी होती. ते दारापासून लांब आहे आणि मुअज्जिनसाहेब त्याची जाळी अधूनमधून झटकतात. त्याची हवा छान होती, वेग ३.७. पण २८ अंशांची हवा आत जाऊन २२ची बाहेर येत होती. फरक अवघा सहा. गुणाकार जेमतेम २ किलोवॉट. हवा भरपूर आणि फरक थोडा, म्हणजे दुखणं जाळीत नाही, आत आहे. गॅस कमी असेल किंवा कॉम्प्रेसर थकला असेल. हे काम मिस्त्रीचंच. गॅस आपोआप संपत नाही, तो कुठेतरी गळतो. गळती न शोधता नुसता गॅस भरला तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तोच खर्च.

चार यंत्रांत गॅस भरायचा असं कागदावर लिहिलं होतं. मोजणीने सांगितलं, एकाला गरज आहे, तिघांना आंघोळ घाला.

उरलेला गारवा कुठे गेला?

मुलाने विचारलं, “साफ केल्यावरही सातच्या जागी ४.३ का?” प्रश्न रास्त होता. भाच्याने तीन कारणं दिली. एक, यंत्र जुनं आहे आणि बाहेर ३८ अंश आहे. दोन, हातातल्या ॲनिमोमीटरने केलेल्या मोजणीत दहा-पंधरा टक्क्यांचा फरक सहज पडतो. हा अंदाज आहे, सोनाराचा काटा नव्हे. तीन, एसी हवा गार करतो तसा तिच्यातला ओलावाही काढतो आणि त्यातही त्याची ताकद खर्च होते. आपल्या गुणाकारात फक्त तापमान आहे, ओलावा नाही.

ओलावा मोजायची युक्तीही त्याने सांगितली. एसीच्या पाण्याच्या नळीखाली बाटली धरायची. तासाला एक लिटर पाणी जमलं, तर साधारण पाऊण किलोवॉटला थोडी कमी इतकी ताकद ओलावा काढण्यात गेली. एप्रिलच्या कोरड्या हवेत आमच्या बाटलीत थोडंच पाणी जमलं. जुलैत हेच यंत्र बाटल्या भरेल आणि तापमानाचा फरक कमी दिसेल. म्हणून उन्हाळ्यातल्या आकड्याची तुलना पावसाळ्यातल्या आकड्याशी करू नये. मागच्या एप्रिलची यंदाच्या एप्रिलशी करावी.

जुम्म्याचा हिशेब

आता मूळ प्रश्न. हॉलला गारवा लागतो किती? शांत बसलेला एक माणूस साधारण शंभर वॉट उष्णता बाहेर टाकतो. आपण प्रत्येक जण म्हणजे जुन्या काळचा शंभरचा बल्ब! जुम्म्याला हॉलमध्ये दीडशे माणसं असतात. म्हणजे नुसत्या माणसांचीच पंधरा किलोवॉट उष्णता. पत्र्याची शेड, ऊन लागणारी पश्चिमेची भिंत, उघडं दार यांची भर वेगळी.

मोजणीआधी आमची चार यंत्रं मिळून देत होती ३ अधिक ३ अधिक ३ अधिक २, म्हणजे ११ किलोवॉट. लागतात पंधराहून जास्त. तक्रार खरी होती आणि ज्याला चक्कर आली त्याचा त्रासही खरा होता. तीन यंत्रं साफ केल्यावर बेरीज पंधराच्या आसपास गेली. चौथं दुरुस्त झाल्यावर सतराच्या पुढे. सहा किलोवॉट गारवा आमच्याच भिंतीवर, आमच्याच जाळीत अडकून पडला होता, आणि तो विकत आणायला आम्ही बाजारात निघालो होतो.

सतरा म्हणजे ऐसपैस नाही. म्हणून आणखी काही गोष्टी ठरल्या. जुम्म्याला एसी अजानच्या अर्धा तास आधी लावायचा, म्हणजे भिंती आणि गालिचे आधीच गार होतात. शेडच्या पत्र्याला पांढरा, ऊन परतवणारा रंग द्यायचा. नमाज संपताच सगळी दारं-खिडक्या उघडून बाहेरची हवा खेळवायची, कारण दीडशे माणसांच्या श्वासाची हवा कोंडून ठेवणं गारव्याच्या नावाखालीही बरं नाही. आणि महिन्यातून एकदा जाळ्या धुवायच्या.

कारखान्यातली हीच रीत

भाच्यासाठी यात नवीन काहीच नव्हतं. आपला हा सगळा पट्टा हवा आणि पाणी तापवण्या-गार करण्यावर चालतो. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली. औषधं बनवायची तर हवा स्वच्छ आणि ठरावीक तापमानाची लागते. पुढे आकुर्डी, चिंचवड, भोसरी, तळवडे आणि मग चाकणपर्यंत वाहनांचे कारखाने पसरले. गाडीला रंग द्यायच्या खोलीत हवा सतत वाहती ठेवावी लागते आणि तिचं तापमान सांभाळावं लागतं. नाहीतर रंग नीट बसत नाही.

भाच्याने एक उदाहरण करून दाखवलं. समजा, डिसेंबरच्या पहाटे बाहेरची हवा १४ अंशांची आहे आणि रंगाच्या खोलीला ती २४ अंशांची द्यायची आहे. हवा लागते सेकंदाला १० घनमीटर. गुणाकार तोच, १.१ गुणिले १० गुणिले १०. एकशे दहा किलोवॉट! आपल्या न्हाणीघरातले तीन किलोवॉटचे छत्तीस-सदतीस गिझर एकाच वेळी लावल्यासारखं. गार करताना वापरलेला नियम तापवतानाही जसाच्या तसा लागू पडतो.

पाण्यावर चालणाऱ्या मोठ्या यंत्रणेतही तेच. तासाला १०० घनमीटर पाणी १२ अंशांवरून ७ अंशांवर आणलं तर पाच लाख किलोकॅलरी झाल्या. तासाला ३,०२४ किलोकॅलरी म्हणजे एक टन, तेव्हा ही १६५ टनांची यंत्रणा. चिंचवडची थरमॅक्स कंपनी तर वाफेच्या किंवा वाया जाणाऱ्या उष्णतेच्या जोरावर पाणी गार करणारी यंत्रं बनवते. उष्णतेने गारवा कसा तयार होतो ती गोष्ट वेगळ्या लेखाची आहे. पण ते यंत्र किती टन देतंय हे बघायचं तर पाणी किती आणि कितीने गार झालं, हेच दोन आकडे लागतात.

नववी-दहावीच्या मुलांच्या आई-वडिलांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. दहावीनंतर आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. आपली बरीच मुलं मिस्त्रीच्या हाताखाली राहून हे काम शिकतात आणि हुशारीने करतात. पण हातातल्या कसबाला मोजणीची जोड मिळाली तर तोच मुलगा उद्या कारखान्याच्या युटिलिटी विभागात उभा राहू शकतो. लागणारं गणित भाचा आणि माझा मुलगा मस्जिदीत बसून करत होते तेवढंच, तीन आकड्यांचा गुणाकार.

घरी काय करता येईल?

प्रत्येक घरी ॲनिमोमीटर नसणार. तरी बरंच काही करता येतं.

साधा डिजिटल थर्मामीटर घ्या. एसी वीस मिनिटं चालू द्या. हवा आत जाते तिथलं आणि बाहेर येते तिथलं तापमान लिहा. फॅन सगळ्यात जोरात ठेवा आणि सेटिंग सगळ्यात खाली, नाहीतर इन्व्हर्टर एसी आपली ताकद स्वतःच कमी करतो. उन्हाळ्यात फरक दहा ते चौदा अंशांच्या आसपास आला आणि हवाही जोरात असली तर बहुधा सगळं ठीक आहे. फरक फारच मोठा आणि हवा मंद, तर जाळी आणि कॉइल बघा. हवा जोरात आणि फरक पाच-सहाच, तर मिस्त्रीला बोलवा. जाळी काढण्याआधी वीज मेन स्विचवरूनच बंद करा. बाहेरच्या यंत्राला आणि गॅसला स्वतः हात लावू नका.

कूलर असेल तर त्याचाही फरक मोजा, पण त्याचा अर्थ वेगळा आहे हे ध्यानात ठेवा. कूलर हवा गार करतो ती पाणी तिच्यात मुरवून. कोरड्या एप्रिल-मेमध्ये ३८ अंशांची हवा तो २६ अंशांपर्यंत आणू शकतो आणि वीज फार थोडी खातो. मात्र ओलावा खोलीत राहतो, म्हणून समोरची खिडकी उघडी हवी. पावसाळ्यात हवा आधीच ओली असते, तेव्हा कूलरचा नुसता वारा लागतो.

मिस्त्री आला की त्याला तीन गोष्टी विचारा. हवेचा वेग किती? आत-बाहेर फरक किती? काम झाल्यावर हे दोन्ही आकडे पुन्हा मोजून दाखवशील का? मगच पैसे द्या.

आमच्या मिस्त्रीला मी आमची वही दाखवली. तो रागावेल असं वाटलं होतं. त्याने आकडे नीट वाचले आणि म्हणाला, “सर, पंधरा वर्षं काम करतोय. लोक एकच विचारतात, गार येतं का? हवा मोजायला कोणी सांगितलंच नाही.” त्याची नियत खोटी नव्हती. त्याच्याजवळ माप नव्हतं, आणि आम्हीही कधी मागितलं नव्हतं. चौथ्या यंत्राच्या पाइपच्या जोडावरची गळती त्यानेच शोधली आणि बंद केली. सगळा खर्च साडेअकरा हजारांत आटोपला.

मोठा प्रश्न त्यानंतरचा होता. चंदा एसीच्या नावाने घेतला होता. उरलेल्या पैशांचं काय? कमिटीत कोणी म्हणालं, असू द्या मस्जिदीच्या खात्यात. इमामसाहेब नको म्हणाले. ज्या कामासाठी दिला त्या कामाची ती अमानत आहे. पुढच्या जुम्म्याला त्यांनी चारही यंत्रांचे आधीचे आणि नंतरचे आकडे जमातीला वाचून दाखवले, उरलेली रक्कम सांगितली आणि विचारलं. ज्याला परत हवंय त्याने घ्यावं. बाकीच्यांच्या संमतीने पत्र्याला रंग आणि वरच्या मजल्यावर मुलींच्या मक्तबच्या खोलीला पंखे. परत मागायला कोणी आलं नाही.

मापात कसर करणाऱ्यांना कुरआनने किती कडक इशारा दिला आहे हे सूरह मुतफ्फिफीन वाचणाऱ्याला सांगायला नको. ती सूरह वाचताना माझ्या डोळ्यांपुढे नेहमी दुकानदाराचा तराजूच यायचा. आता वाटतं, पैसे लोकांचे असतील तर न मोजता खर्च करणाऱ्यानेही ती स्वतःला लावून बघावी. त्या रात्री मी कागदावर सही करायलाच निघालो होतो.

आमची ती वही मस्जिदीच्या कपाटात, हिशेबाच्या पुस्तकाशेजारी ठेवली आहे. पुढच्या एप्रिलचं पान मुलाने आत्ताच आखून ठेवलं आहे. यंत्र, वेग, आत, बाहेर, फरक, किलोवॉट, असे सहा रकाने. तुमच्या घरी किंवा तुमच्या मस्जिदीत असं एक पान आखा. मिस्त्रीला बोलावण्याच्या आदल्या दिवशी.

खुदा हाफिज.